तोंडी हिशेबातून भौतिकशास्त्र: सुरुवात कुठून करावी

वीज चमकलेली दिसली की मनात सेकंद मोजायला लागा. गडगडाट ऐकू आला की थांबा आणि आलेल्या आकड्याला ३ ने भागा. नऊ सेकंद झाले असतील तर वीज तुमच्यापासून साधारण ३ किलोमीटरवर कडाडली. प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो, पण आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तीन सेकंदांत १०२० मीटर, एक किलोमीटरच म्हणा. (मोजायचं ते घरात बसून. गडगडाट ऐकू येतोय याचाच अर्थ पुढची वीज तुमच्या डोक्यावरही पडू शकते.)

एक संकल्पना, एक लक्षात ठेवलेली संख्या आणि एक सोपा भागाकार, एवढ्यावर किती पुढे जाता येतं हे या लेखात करून बघायचं आहे. लेख आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, पण ज्यांचं भौतिकशास्त्र शाळेतच सुटलं त्यांनाही चालेल. आपल्याकडे बहुतेकदा उलट्या क्रमाने शिकलं जातं. आधी सूत्र पाठ, मग त्यात आकडे घालायचे आणि कॅल्क्युलेटर दाखवेल ती आठ अंकी संख्या उत्तर म्हणून उतरवायची. गाडीचा वेग सेकंदाला ४००० मीटर आला तरी पेन थांबत नाही. माझं ठाम मत आहे की उत्तर साधारण किती यायला हवं हे जो आधी सांगू शकतो, त्यालाच तो धडा समजलेला असतो. म्हणून आधी अंदाज, सूत्र मागाहून.

सोबत लागेल ते असं: ३० सेंटिमीटरची पट्टी, मोजायची टेप, दीड मीटर दोरी, लिंबाएवढा एक दगड आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

पायरी १: काही संख्या पाठ करा, आणि त्या गोल करायला घाबरू नका

पाढे पाठ असतात तशा या संख्या पाठ हव्यात. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. आपण १० धरू. हवेतला आवाज सेकंदाला ३४० मीटर, प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर. एक लिटर पाणी म्हणजे १ किलो, एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो आणि एक घनमीटर हवा म्हणजे जेमतेम १.२ किलो. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला ४२०० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप) लागतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर.

हा शेवटचा आकडा इतका गोल कसा, असं वाटलं असेल तर बरोबर वाटलं. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये मीटर ठरवताना उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग घ्यायचं ठरलं. म्हणजे पाव घेर १ कोटी मीटर, पूर्ण घेर ४ कोटी मीटर. पृथ्वीचा घेर गोल आला कारण मीटरच पृथ्वीवरून बेतलेला होता.

९.८ ऐवजी १० घेतलं तर चूक २ टक्क्यांची. तुमची टेप, तुमचं घड्याळ आणि तुमचा डोळा मिळून बहुतेक वेळा याहून मोठी चूक करतात. त्यामुळे तोंडी हिशेबात ९.८ चा हट्ट धरण्यात काही मिळत नाही. परीक्षेत अर्थातच दिलेली किंमत वापरा.

किती चूक चालते याचं एक नामांकित उदाहरण आहे. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेत पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी स्फोटापासून सुमारे १६ किलोमीटरवर उभे होते. हवेचा धक्का येण्याच्या सुमारास त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले. कपटे अडीच मीटरभर सरकले. तेवढ्यावरून त्यांनी स्फोटाची ताकद १० किलोटन टीएनटीएवढी (टीएनटी हे एक स्फोटक) असल्याचा अंदाज बांधला. नंतरच्या मोजणीत ती २० किलोटनच्या वर निघाली. निम्म्याने चुकलं असं कोणी म्हणेल. पण काहीच माहीत नसताना १ की १०० या प्रश्नाचा निकाल कागदाच्या कपट्यांवरून लागला, याचं मोल मोठं आहे. तोंडी हिशेबात दुपटी-निमपटीच्या आत आलात तर उत्तर चांगलं समजा.

एखादी संख्या अजिबात माहीत नसेल तर आधी तिला दोन्हीकडून कोंडीत पकडा. ‘याहून कमी असणं शक्य नाही’ असा एक आकडा आणि ‘याहून जास्त असणं शक्य नाही’ असा दुसरा. मग मधला आकडा घ्या, पण बेरीज करून अर्धा करू नका, पटींमधला मध्य घ्या. १० आणि १००० यांच्या मधला आकडा ५०५ घेतला तर तो खालच्या टोकाच्या पन्नासपट आणि वरच्या टोकाच्या निम्मा होतो. १०० घेतला तर दोन्हीकडे दहापटीचंच अंतर राहतं.

आता हे सगळं एकदा वापरून बघा: दिवसभरात आपण किती हवा श्वासावाटे आत घेतो? शांत बसलेले असताना मिनिटाला साधारण १५ श्वास, प्रत्येकी अर्धा लिटर. दिवसाची मिनिटं १४४०. पंधरापट करायची म्हणजे दहापट अधिक तिची निम्मी: १४,४०० + ७२०० = २१,६०० श्वास. त्याचे १०,८०० लिटर, म्हणजे जवळजवळ ११ घनमीटर. दर घनमीटरला १.२ किलो, म्हणून सुमारे १३ किलो. दिवसभरात आपण जेवढं खातो-पितो त्याच्या कितीतरी पट वजनाची हवा छातीतून जाऊन येते. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता.

पायरी २: ताशी किलोमीटरमधून बाहेर पडा

रोजच्या बोलण्यात वेग ताशी किलोमीटरमध्ये असतो, पण घटना सेकंदात घडतात. म्हणून आधी हे रूपांतर हातात बसवा. ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ मीटर. बस्स, बाकी सगळं याच्या पटीत: ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५.

अधलामधला वेग असेल तर चौथा हिस्सा घ्या आणि त्यात त्याचाच दहावा भाग मिळवा. ताशी ६० चा चौथा हिस्सा १५, त्याचा दहावा दीड, मिळून साडेसोळा. खरं उत्तर १६.७. एक टक्क्याची चूक, सोडून द्या.

मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र शब्द आहेत हा तोंडी हिशेबात मोठाच आधार आहे. १.२५ ने गुणा म्हटलं की पेन शोधावंसं वाटतं. सव्वापट करा म्हटलं की हात आपोआप ‘मूळ अधिक पाव’ करायला लागतो. दशांशात दिलेला आकडा शक्य तिथे या शब्दांत म्हणून बघा.

पायरी ३: पडणाऱ्या वस्तूकडून वेळ मोजून घ्या

हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात किती खाली येते? दहा मीटर, असं पटकन तोंडात येतं. पण सेकंदाच्या सुरुवातीला तिचा वेग शून्य होता, शेवटी १० मीटर प्रतिसेकंद झाला, म्हणजे सरासरी ५. म्हणून ती ५ मीटरच पडली. दोन सेकंदांत वेग शून्यापासून २० पर्यंत जातो, सरासरी १०, आणि दोन सेकंद, म्हणून २० मीटर. तीन सेकंदांत ४५. यातूनच नियम निघतो:

पडलेलं अंतर = ५ × वेळ × वेळ

सूत्र आलं ते असं, सरासरीतून. ते विसरलात तरी अर्ध्या मिनिटात पुन्हा काढता येईल. हवेचा विरोध मात्र इथे धरलेला नाही. दगडाला, चेंडूला थोड्या उंचीवरून हे लागू पडतं. पिसाला किंवा पसरलेल्या कागदाला नाही.

आता पट्टी घ्या. मित्राला किंवा बहिणीला पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या बरोबर मध्ये हवी, बोटं पट्टीला टेकलेली नकोत. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवा, नाहीतर हातच खाली जातो आणि मोजणी फुकट. समोरच्याने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही पकडायची. जिथे पकडली तो आकडा वाचा. पाच वेळा करा, आकडे लहान-मोठे असे लावा आणि मधला घ्या.

२० सेंटिमीटरवर पकडली असेल तर: ०.२ मीटर भागिले ५ बरोबर ०.०४, आणि ०.०४ चं वर्गमूळ ०.२. तुमचा प्रतिक्रियेचा वेळ ०.२ सेकंद. ५ सेंटिमीटरला ०.१, १० ला ०.१४, १५ ला ०.१७, २५ ला ०.२२ सेकंद. लक्ष द्या, पाचावरून वीसवर जाताना अंतर चौपट झालं आणि वेळ दुप्पटच. पाच सेंटिमीटरवर कोणी सतत पकडत असेल तर बहुधा तो समोरच्याच्या बोटांची हालचाल आधीच ओळखतोय. आता तोच प्रयोग सतराचा पाढा उलटा म्हणत करा. पट्टी कितीतरी जास्त घसरेल, बऱ्याचदा हातातून निसटेलच.

याच नियमावर आणखी एक गंमत. टेबलावरून घरंगळत गेलेला चेंडू किती वेगाने जात होता, हे घड्याळाशिवाय सांगता येतं. टेबल ८० सेंटिमीटर उंच असेल तर खाली यायला लागलेला वेळ: ०.८ भागिले ५ बरोबर ०.१६, वर्गमूळ ०.४ सेकंद. चेंडू जोरात जावो की हळू, पडायचा वेळ तेवढाच, कारण आडव्या वेगाचा खाली पडण्याशी संबंध नाही. तो टेबलाच्या कडेच्या सरळ खालच्या बिंदूपासून ६० सेंटिमीटरवर पडला तर वेग ०.६ भागिले ०.४, म्हणजे दीड मीटर प्रतिसेकंद. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण यात टेप हेच घड्याळ होतं.

पायरी ४: वर्गाचा नियम रस्त्यावर

इथे थोडं रेंगाळू या. शाळेच्या पुस्तकातला हा भाग रोज कुणाच्या तरी जिवावर बेततो.

गाडी थांबताना दोन अंतरं मिळवायची असतात. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी त्याच वेगाने पुढे जाते, ते पहिलं. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं दुसरं. पट्टी पकडायला ०.२ सेकंद लागले तरी रस्त्यावर एक सेकंद धरा. दिसलेली गोष्ट काय आहे हे ओळखायचं, ठरवायचं आणि पाय उचलून दुसरीकडे ठेवायचा, यात तेवढा वेळ जातो.

कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं धरू. ब्रेकचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले या ७ ची दुप्पट, म्हणजे १४. ताशी ३६ ला, म्हणजे सेकंदाला १० मीटरला: १०० भागिले १४, सुमारे ७ मीटर. त्यात प्रतिक्रियेचे १० मिळवले की १७. ताशी ७२ ला: ४०० भागिले १४, सुमारे २९, अधिक २०, एकूण ४९. ताशी १०८ ला: ९०० भागिले १४, सुमारे ६४, अधिक ३०, एकूण ९४ मीटर. वेग तिप्पट केला, अंतर साडेपाचपट झालं. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर ब्रेकचा भाग सरळ दुप्पट करा.

आता प्रश्न असा: दोन गाड्या शेजारी शेजारी, एक ताशी ५० ने, दुसरी ताशी ६० ने. एकाच रेषेवर दोघांनी ब्रेक दाबले. ५० वाली अडथळ्याला नुसती टेकून थांबली. ६० वाली त्या जागी किती वेगात असेल? जवळजवळ सगळे म्हणतात, ताशी १०.

ब्रेक वेगाच्या वर्गातून वजाबाकी करतात, वेगातून करत नाहीत. दोन्ही गाड्यांच्या वर्गातून तेवढीच रक्कम गेली, ५० चा वर्ग. उरलं ६० चा वर्ग वजा ५० चा वर्ग. वर्ग काढत बसू नका, फरक गुणिले बेरीज करा: १० × ११० = ११००. याचं वर्गमूळ हवं. ३० चा वर्ग ९००. ३५ चा वर्ग: शेवटी ५ असलेल्या संख्येत पुढच्या अंकाला त्याच्या नंतरच्या अंकाने गुणायचं आणि मागे २५ लिहायचं, ३ × ४ = १२, म्हणून १२२५. अकराशे या दोहोंच्या मधोमधच्या थोडं पुढे, म्हणून ३३. पडताळा: ३३ चा वर्ग १०८९. दुसरी गाडी ताशी ३३ किलोमीटरने आदळते.

आणि हे तर दोघांनी एकाच जागी ब्रेक दाबले असं धरून. दोघांनाही अडथळा एकाच जागी दिसला आणि दोघांनाही एक सेकंद लागला, तर ६० वाली त्या सेकंदात जवळजवळ तीन मीटर पुढे गेलेली असते. तो हिशेब केला की आदळण्याचा वेग ताशी ४० येतो. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. एवढा वेग यायला किती उंचीवरून पडावं लागेल? ११ मीटर प्रतिसेकंद गाठायला १.१ सेकंद, अंतर ५ × १.२१, सहा मीटर. दोन मजल्यांवरून पडण्याएवढा धक्का. स्पीडोमीटरवरच्या दहाच्या फरकात एवढं दडलेलं आहे, हे दुचाकीची किल्ली हातात येण्याआधी प्रत्येक मुलाने एकदा स्वतः हिशेब करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ५: हवेचं वजन

४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोली. ३६ घनमीटर. त्यात १.२ किलो दराने हवा: ३६ अधिक त्याचा पाचवा हिस्सा, ७.२, मिळून ४३ किलो. ‘रिकाम्या’ खोलीतली हवा एखाद्या नववीतल्या मुलाएवढी भरते.

वरच्या सगळ्या हवेचा भार मिळून समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १० न्यूटन पडतो, म्हणजे १ किलो वस्तुमानाचं वजन. तळहाताचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरा: त्यावर १०० किलोचा भार. हात खाली जात नाही, कारण हवा खालूनही तेवढ्याच जोराने ढकलते. दाब सगळीकडून असतो.

यातून एक छान निष्कर्ष निघतो. स्ट्रॉने पाणी आपण ‘ओढतो’ असं म्हणतो, पण पाणी ओढलं जात नाही. तोंडाने आतली हवा कमी केली की बाहेरची हवा पाण्याला खालून वर ढकलते. मग स्ट्रॉ कितीही लांब असली तर चालेल का? एक चौरस सेंटिमीटर जाडीचा, १ किलो वजनाचा पाण्याचा स्तंभ १००० घनसेंटिमीटरचा, म्हणजे १००० सेंटिमीटर उंच. दहा मीटर. त्यापलीकडे कितीही शक्तिशाली पंप वर बसवून खेचलं तरी पाणी चढणार नाही. खोल विहिरीतला पंप खाली पाण्यात सोडावा लागतो तो याच कारणाने, तिथून तो पाण्याला वर ढकलतो.

१६४३ मध्ये इटलीचे शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी सुचवलेल्या प्रयोगात पाण्याऐवजी पारा वापरला आणि तो ७६ सेंटिमीटरवर थांबला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. ७६ × १३.६ तोंडी करताना ७६ ऐवजी ७५ घ्या, म्हणजे पाऊणशे: १३६० चा पाऊणपट १०२०, अधिक राहिलेले १३.६. झाले १०३४ सेंटिमीटर. आपले दहा मीटर जागेवर आले.

पायरी ६: ऊर्जा किती, आणि किती वेळात

जिना चढा आणि वेळ मोजा. तुमचं वस्तुमान ५० किलो आणि एका मजल्याची चढण ३ मीटर असेल तर गुरुत्वाविरुद्ध केलेलं कार्य ५० × १० × ३ = १५०० ज्यूल. ५ सेकंदांत चढलात तर शक्ती, म्हणजे दर सेकंदाचे ज्यूल, ३०० वॅट. हळू चढलात तरी ज्यूल तेवढेच, वॅट मात्र कमी. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक एवढाच आहे, आणि तो पायांत जाणवला की पुन्हा गोंधळ होत नाही.

आता माणसाला बल्ब समजून बघू. दिवसाच्या आहारातून साधारण २००० किलोकॅलरी मिळतात. एक किलोकॅलरी ४२०० ज्यूल, म्हणून ८४ लाख ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार जवळजवळ १००. आपण प्रत्येक जण चोवीस तास चालणारा १०० वॅटचा दिवा आहोत, आणि त्यातला बहुतेक भाग शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. बंद वर्गात ४० जण बसले तर खोलीत ४००० वॅटचा हीटर लावल्यासारखं होतं. उकडतं त्यात नवल नाही.

पाणी तापवण्याचा हिशेबही असाच. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० पर्यंत न्यायचं: ७५ × ४२००. चार हजारांचे ३ लाख, दोनशेचे १५ हजार, मिळून ३,१५,००० ज्यूल. १५०० वॅटच्या किटलीला २१० सेकंद, साडेतीन मिनिटं. प्रत्यक्षात थोडी जास्त लागतील, कारण किटलीही तापते आणि हवेत उष्णता जाते. स्वतःच्या घरी मोजून बघा; जास्तीचा वेळ किती टक्के लागला तेवढी उष्णता पाण्याबाहेर गेली.

विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. एवढ्यात १००० किलोची गाडी किती उंच उचलता येईल? तिचं वजन १०,००० न्यूटन, म्हणून ३६० मीटर. शंभरावर मजले! तेच एक युनिट पाणी तापवायला लावलं तर ३६ लाख भागिले ४२००, सुमारे ८५० (हा किलो आणि अंश यांचा गुणाकार). यातून ४२ लिटर पाणी फक्त २० अंशांनी तापतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वीज कुठे जाते ते न सांगता कळतं: गिझर, इस्त्री, हीटर, म्हणजे जे जे तापवतं तिथे. ९ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटवर ११० तास जळतो.

पायरी ७: चूक किती, तेही तोंडीच काढा

छोट्या टक्क्यांचा एक नियम फार कामाचा आहे. लांबी १ टक्क्याने चुकली तर तिचा वर्ग २ टक्क्यांनी चुकतो, घन ३ टक्क्यांनी, आणि वर्गमूळ अर्ध्या टक्क्याने. १.०१ × १.०१ = १.०२०१, करून बघा.

त्याचा उपयोग शेवटच्या प्रयोगात. दोरीला दगड बांधून लंबक करा. टांगलेल्या बिंदूपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर ठेवा. थोडासाच बाजूला ओढून सोडा, मोठा झोका नको. एकदा जाऊन परत आला की एक दोलन, आणि त्याला जवळजवळ २ सेकंद लागतात. यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे पहिल्या पायरीतला तो ९.८ चा आकडा, काढता येतं: पाय (π, ३.१४) या संख्येचा वर्ग ९.८७, त्याची चौपट गुणिले लांबी, भागिले दोलनकाळाचा वर्ग. लांबी १ आणि काळ बरोबर २ आला तर चार खाली-वर जातात आणि उरतात ९.८७. दगड जड घेतला की हलका, फरक पडत नाही. दोन वेगळे दगड बांधून खात्री करा.

१० दोलनं मोजली तर साधारण २० सेकंद होतात. घड्याळ चालू-बंद करताना तुमच्या बोटाची चूक ०.२ सेकंद धरा, पट्टीच्या प्रयोगातून आली तीच. २० मध्ये ०.२ म्हणजे १ टक्का, आणि काळाचा वर्ग घ्यायचा असल्याने उत्तरात २ टक्के: ९.८ च्या जागी ९.६ किंवा १० येऊ शकेल. ५० दोलनं मोजली तर चूक तीच ०.२ सेकंद, पण आता १०० सेकंदांत. उत्तरातली चूक ०.४ टक्क्यांवर येते.

त्यानंतर दोलनं वाढवून फारसा फायदा नाही. एक मीटर दोरीत १ सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी तो पूर्ण १ टक्का आहे. म्हणून ५० दोलनं मोजायला बसण्याआधी दोरी पुन्हा एकदा मोजा, दगड बांधून लटकवल्यानंतर, कारण भार आला की दोरी थोडी ताणली जाते.